पोट हरकूबाईचं, होकार नवऱ्याचा

"कंची पिशवी?"

असं म्हणून हरकूबाई ऑपरेशन टेबलावर ताडकन उठून बसली. ॲनेस्थेटिस्टच्या हातातला ईथरचा मास्क हातातच राहिला. सिस्टरनं "अगंबाई!" म्हणून ट्रे घट्ट धरला.

मी नुसता धीर द्यायला बोलले होते. टेबलावर आडव्या झालेल्या बाईचा हात धरून चार शब्द बोलायचे, ही माझी सवय. "घाबरू नका हरकूबाई, एकदा पिशवी काढली की ही दर महिन्याची ब्याद कायमची गेली," एवढंच म्हटलं होतं.

"गर्भाची पिशवी," मी सांगितलं. "आणि तिच्या दोन्ही बाजूंची अंडाशयं."

"मंग मना पोर कसा होनार?"

आमचे सर हात धुऊन, कोपरं वर धरून दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मलाच बोलावं लागलं.

"होणार नाही."

बाई टेबलावरून खाली उतरली. हॉस्पिटलच्या झग्याच्या नाड्या पाठीमागे सुटलेल्या, त्या एका हातानं आवळून धरल्या, दुसऱ्या हातानं ॲनेस्थेटिस्टला बाजूला सारलं आणि अनवाणी चालायला लागली. दारात सर होते. त्यांना म्हणाली, "वाट सोडा." आणि सरांनी वाट सोडली हो! ज्यांच्या राउंडला अख्खा वॉर्ड श्वास रोखून उभा राहायचा, ते आमचे सर भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि एक कोळीण त्यांच्यासमोरून तरातरा वॉर्डाकडे निघून गेली. मी आ वासून बघत राहिले.

परळच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तेव्हा मी स्त्रीरोग विभागात रजिस्ट्रार होते. रजिस्ट्रार म्हणजे हाउसमनच्या, शिकाऊ डॉक्टरांच्या, वरचा आणि मोठ्या डॉक्टरांच्या खालचा माणूस. दोन्हीकडून बोलणी खातो. सर ऑनररी होते, म्हणजे बाहेर स्वतःची मोठी प्रॅक्टिस आणि हॉस्पिटलात मानद काम. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. बाहेर रस्त्यावर रोज काही ना काही चालू असायचं. मोर्चा, हरताळ, दगडफेक, अश्रुधूर. खिडक्या बंद केल्या तरी "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" वॉर्डापर्यंत पोचायचं, आणि अंथरुणाला खिळलेल्या बायासुद्धा पडल्या पडल्या "झालाच पाहिजे" म्हणायच्या.

हरकूबाई प्रभादेवीपलीकडच्या कोळीवाड्यातली. तिशीच्या आतबाहेरची. डिलाईल रोडच्या बाजारात म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी घेऊन बसायची. लग्न होऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. पाळी आली की पोटात अशी कळ उठायची की पाटी तशीच टाकून ती फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन आडवी व्हायची. शेजारची कोळीण तिचा माल विकून द्यायची. वैदू झाले, अंगारे झाले, गल्लीतल्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली. सगळ्यांनी एकच सांगितलं, "बाईचा जन्म आहे, दुखायचंच. पोर झालं की जाईल." पोर होईना आणि दुखणं जाईना.

हा आजार काय, ते आधी साध्या भाषेत सांगते. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते सुटतं, तीच पाळी. काही बायकांच्या बाबतीत तसंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढतं. अंडाशयावर, आतड्यावर, मिळेल तिथे. पाळीच्या वेळी त्यातूनही रक्त सुटतं, पण त्याला बाहेर यायला वाटच नसते. ते आतच साकळतं, त्याच्या गाठी होतात, आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटून बसतात. याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. आता दुर्बीण घालून आत बघता येतं, सोनोग्राफी आहे. तेव्हा आमच्याकडे दोन बोटं होती आणि दोन कान होते. बोटांनी तपासायचं आणि बाई काय सांगते ते ऐकायचं. बोटांचं काम आम्ही चोख करायचो.

सरांचं निदान अचूक होतं. दोन्ही बाजूंना गाठी, मागचं सगळं चिकटलेलं. त्यांच्या मते गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढून टाकायची, की रोग मुळासकट गेला. चुकीचा सल्ला नव्हता. त्या काळी पुष्कळ ठिकाणी हेच करत.

पण टेबल रिकामं झालं होतं. सर तोंडावरचा मास्क ओढून काढत म्हणाले, "कन्सेंट कुणी घेतला?"

"हाउसमननं, सर. नवऱ्याचा अंगठा आहे."

"नवऱ्याला सगळं सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं, सर. मी होते तिथे."

"मग बायकोला सांगणं नवऱ्याचं काम. कुठे आहे तो?"

ही तेव्हाची पद्धतच होती. बाईचं ऑपरेशन असलं की तिच्याबरोबर आलेल्या पुरुषाला कोपऱ्यात घ्यायचं, त्याला समजावायचं, त्याचा अंगठा घ्यायचा. नवरा नसेल तर सासरा, तोही नसेल तर दीर. बाई पलंगावर बसून लांबून बघायची. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

तिचा नवरा जोमा जिन्याखाली बसला होता. धिप्पाड माणूस, कमरेला कोळी रुमाल, उन्हानं रापलेला. सरांना बघून उठून उभा राहिला आणि हात जोडून हसला. "झाला काय काम?"

"काय झालं? तुझी बायको टेबलावरून उठून गेली! तिला सांगितलं नाहीस काय काढणार ते?"

"मी?" जोमा गोंधळला. "मी कशाला सांगू? तुमी तिच्याशी बोल्ला नाय?"

"तुझ्याशी बोललो ना आम्ही! तू हो म्हणालास. अंगठा दिलास."

"दिला की. मना वाटला, तिचा नि तुमचा ठरला हाय."

मला काहीच उमगेना. मी म्हटलं, "अहो, पण तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही होकार कसा दिलात?"

मग जोमानं जे सांगितलं त्यानं माझी मती गुंग झाली. त्यांच्या घरात पुरुषाचा कारभार पाण्यावर. होडी कधी लोटायची, जाळं कुठे टाकायचं ते तो ठरवणार. होडी एकदा किनाऱ्याला लागली की पुढचं सगळं बायकोचं. मासळी ती विकणार, भाव ती करणार, बाजारहाट ती करणार, घरात काय आणायचं नि कुणाकडे काय द्यायचं ते ती बोलणार. जमिनीवर कुणी जोमाला काही विचारलं, तर तो आपला "हां, हां" म्हणतो, कारण जो कुणी विचारतोय तो हरकूशी आधीच बोलून आलाय, असं तो धरूनच चालतो. उगाच मध्ये तोंड घातलं तर बायको खरडपट्टी काढते.

"ही हास्पिटल पन जमिनीवरच हाय ना," तो अगदी मनापासून म्हणाला.

मला हसावं की रडावं कळेना. पाठारे प्रभूंच्या घरात जन्मले, गिरगावात वाढले. घरी मासळीशिवाय पान हलत नसे, आणि दारावर येणाऱ्या कोळणीशी भाव करता करता माझ्या आईला रोज घाम फुटायचा. त्या कोळणीबरोबर कधी नवरा आलेला मी पाहिला नव्हता. डोळ्यांसमोर होतं सगळं. तरी या बाईचं पोट उघडायची वेळ आली तेव्हा आम्ही नेमकं त्या घरातल्या अशा माणसाला गाठलं, ज्याला पापलेटचा भावसुद्धा ठरवू देत नाहीत!

"जोमा," सर जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आम्ही काय काढणार होतो, ते तुला माहीत होतं का?"

"पोटातली घान."

"गर्भाशय काढणार होतो. मूल झालं नसतं. कधीच."

जोमाचं हसू मावळलं. तो भिंतीला धरत खाली बसला आणि त्यानं हाताची मूठ तोंडात कोंबली. "मीच अंगठा दिला," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

सर त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर, मग इतकी वर्षं मी बोलत कुणाशी होतो?"

उत्तर त्यांना नकोच होतं. क्षणभरानं ते पुन्हा नेहमीचे सर झाले. "तिला नको असेल तर डिस्चार्ज द्या. जबरदस्ती नाही. पण तिला सांगा, अशी घरी गेली तर पुढच्या महिन्यात पुन्हा इथेच येईल."

डिस्चार्ज राहिलाच. सकाळपासून परळ-लालबाग धुमसत होतं. दुपारच्या आत जखमी यायला लागले. लाठीनं डोकी फुटलेले, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेले, गोळी लागलेलेही. स्त्रीरोग विभाग असला म्हणून काय झालं, हात लागतील तिथे आम्हाला बोलावलं. रस्ते बंद, बस नाही, ट्रॅम नाही. हरकूबाईचा पलंग एका जखमी बाईला दिला आणि तिला वॉर्डाच्या टोकाला जमिनीवर गादी टाकून दिली. ती बसली. दुखत होतं, पण कण्हत नव्हती. माझ्याकडे मात्र अशी बघत होती, जणू मी तिचं घर लुटलंय.

गर्दी ओसरल्यावर मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. भूक लागलेली, पाय मोडून आलेले, डोकं तडकलेलं.

"हरकूबाई, मी सगळं सांगते. ऐकायचंय का?"

"आता सांगतंस? टेबलावर झोपवलास तवा तोंडात काय म्हावरा होता?"

तिचं खरं होतं.

मग सांगायला लागले. तिच्याच बोटांनी तिच्या पोटावर दाखवलं, पिशवी कुठे, अंडाशयं कुठे, रोग कुठे. ती मध्येच अडवायची. "थांब. परत सांग." मी परत सांगायची.

काही केलं नाही तर काय होईल, ते आधी विचारलं तिनं. म्हटलं, जीव जाईल असं नाही, पण दुखणं वाढत जाईल, आणि अशा अवस्थेत मूल राहणं कठीण. मग गोळ्यांचं विचारलं. गोळ्या होत्या. बायकी हार्मोनच्या मोठ्या मात्रेच्या, त्यानं ओकाऱ्या व्हायच्या आणि गोळ्या थांबल्या की दुखणं परत. पुरुषी हार्मोनच्याही होत्या. त्यानं कळ कमी व्हायची, पण आवाज घोगरा होतो, ओठावर केस येतात.

"मना मिशी येल?" ती हादरलीच. मग पोटाला हात लावून हसायला लागली, हसता हसता कळ आली म्हणून आई गं म्हणाली, आणि परत हसली. "जोमाला नाय, नि मना मिशी!"

परदेशात नव्या प्रकारच्या गोळ्या निघतायत, असं मी फक्त वाचलं होतं. आमच्या हातात काही नव्हतं, म्हणून तिला तसंच सांगितलं. क्ष-किरणांनी अंडाशयं जाळायचाही एक उपाय होता. जाळणं ऐकून तिनं हातानंच नको म्हटलं. राहिली ऑपरेशनं. एक सरांचं, सगळं काढून टाकायचं. दुखणं बहुतेक जाईल, पाळी जाईल, मूल होणार नाही, आणि ऐन तारुण्यात म्हातारीसारखे गरम वाफारे येतील. दुसरं, पोट उघडायचं, रोग लागलाय तेवढाच भाग काढायचा, चिकटलेलं सोडवायचं, चांगलं आहे ते ठेवायचं. हे अवघड, वेळखाऊ, रक्त जास्त जातं.

"दुसरा केला तर दुखनं परत येल?"

"येऊ शकतं."

"कवा?"

"सांगता येत नाही."

"पोर होईल?"

"तेही सांगता येत नाही."

"मंग तुमाला सांगता तरी काय येतं?"

माझं टाळकंच सरकलं. दिवसभर रक्तात हात घालून आलेली मी. "एवढंच सांगता येतं, हरकूबाई! पहिल्यात मूल नक्की होणार नाही. दुसऱ्यात होईलही, होणारही नाही. जे माहीत नाही ते माहीत आहे म्हणून सांगू का? खोटं बोलू?"

ती एकटक माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको. असाच बोल. असा बोल्लीस तर समजतं मना."

दुसऱ्या दिवशी राउंडला सर आले. हरकूबाई गादीवर उठून उभी राहिली. वॉर्डातल्या बाया माना उंचावून बघायला लागल्या.

"मोठे डाक्तर, माजा ठरला. खराब हाय तो काढा. चांगला हाय तो ठेवा. दुखंल परत तर मी परत येन."

सर थंडपणे म्हणाले, "मी भाजी विकायला बसलेलो नाही. आत काय दिसेल ते दिसल्यावर ठरेल."

"ठरवा ना. जीव जात असंल तर सगळा कापा, मी काय बोलनार नाय. पन सोपा पडतं म्हनून कापू नका."

सरांना असं कुणी बोललेलं मी ऐकलंच नव्हतं. हाउसमननं जमिनीकडे नजर लावली. सरांच्या कपाळाची शीर उडत होती. आता ही बाई वॉर्डाबाहेर आणि तिच्यामागोमाग मीही, अशी माझी खात्रीच झाली.

"मूल होईल असं तुला कुणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"कोनी नाय. ही डाक्तरीन बोल्ली, तिला म्हाईत नाय."

सर माझ्याकडे वळले. मी हो म्हणून मान हलवली. ते चक्क तिच्यासमोर स्टुलावर बसले. त्यांना वॉर्डात बसलेलं पाहून सिस्टरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"ऐक. पाठीच्या कण्यापुढे काही नसा असतात. पोटातली कळ त्यांच्यातून वर जाते. त्या कापल्या तर कळ कमी होते. कापू?"

"त्या नसांचा पोर व्हायला काय काम हाय?"

"नाही."

"मंग कापा."

"रक्त लागेल. इथे बाटल्या उरलेल्या नाहीत, सगळं जखमींना गेलंय. तुझ्या माणसांनी द्यावं लागेल."

तिनं मान वळवून दाराकडे हाक मारली. "जोमा, ए जोमा! रक्त द्यायला जा. होडीवरच्यांना पन घेऊन ये." दाराबाहेरून "हां, हां" आलं. या वेळी मात्र त्यानं आत डोकं घालून विचारलं, "कोनाचा रक्त? कशापायी?" आणि सगळं ऐकून घेतल्यावरच गेला. त्या काळी रक्त द्यायला माणसं घाबरायची. अंगातली ताकद जाते, पुन्हा भरून येत नाही, असा समज. जोमा पांढराफटक पडला होता, सुई बघितल्यावर तर डोळेच मिटले त्यानं. पण दिलं, आणि त्याच्याबरोबरच्यांनीही दिलं.

ऑपरेशनच्या दिवशी सरांनी पोट उघडलं आणि मी हबकले. बोटांनी तपासताना इतकं कल्पनेत आलं नव्हतं. गर्भाशय मागच्या आतड्याला गोंदानं चिकटवल्यासारखं बसलेलं. उजवं अंडाशय संत्र्याएवढं फुगलेलं, आणि फुटलं तेव्हा त्यातून काळपट, चिंचेच्या कोळासारखं दाट जुनं रक्त वाहिलं. याला आम्ही चॉकलेट सिस्ट म्हणतो. हे पोटात घेऊन ही बाई डोक्यावर पाटी घेऊन चालत होती! इतकी वर्षं हिला सगळ्यांनी सांगितलं, बाईचा जन्म आहे, दुखायचंच.

उजवं अंडाशय वाचण्यासारखं नव्हतं. ते काढलं. डाव्यातही गाठ होती, लहान. सरांच्या हाताला सवय होती, एक चिमटा, एक टाका, की तेही बाहेर. त्यांनी चिमटा हातात घेतला.

आणि थांबले.

ॲनेस्थेटिस्ट डोक्याकडून म्हणाला, "सर, आधीच उशीर झालाय. तेही काढा आणि मोकळे व्हा. ठेवून तरी काय होणार आहे?"

"तिचा जीव जातोय का?" सरांनी विचारलं.

"नाही. पल्स चांगली आहे."

"मग तुम्ही तुमचं काम करा."

सरांनी चिमटा खाली ठेवला आणि गाठीचं कवच अलगद सोलायला घेतलं. अंडाशयाचा जो भाग निरोगी होता तो शिवून जागेवर ठेवला. मग आतडी बोटानं, कात्रीनं, सावकाश सोडवली. कितीदा तरी रक्त आलं, कितीदा तरी दाबून धरलं. माझ्या हातांना गोळे आले. सरांसारखा घाईचा माणूस एका कोळणीनं सांगितलं म्हणून एवढा वेळ वाकून काम करतोय, हे डोळ्यांनी बघत असूनही मला खरं वाटत नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा मला बोलावलं. "ठेवला?"

"एक काढावं लागलं. एक ठेवलंय. पिशवी ठेवलीय."

तिनं डोळे मिटले आणि रडायला लागली. टाके दुखतील म्हणून मी तिला गप्प करत होते, आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सरांनी त्यानंतर पद्धत बदलली का? जाहीर काही केलं नाही. माणसं अशी एका दिवसात बदलत नाहीत. पण त्यांच्या राउंडला एक स्टूल फिरायला लागलं, आणि नवरा बोलायला लागला की ते म्हणायचे, "तू थांब. पोट तिचं आहे." हाउसमन मागे हसायचे. मला हसू येत नसे.

हरकूबाईला काही वर्षं चांगली गेली. पाळीत दुखायचं, पण पाटी सोडून आडवं व्हायची वेळ आली नाही. मूल मात्र झालं नाही. दर वेळी तपासायला यायची तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होत नसे. मग दुखणं परत आलं, सावकाश, आणि मग जोरात. तोवर महाराष्ट्र झाला होता, सर निवृत्त झाले होते आणि मी ऑनररी झाले होते. ती माझ्याकडे आली. मी पुन्हा सगळे उपाय सांगितले, नव्यानं आलेल्या गोळ्यांसकट. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता काढा सगळा. आता मना नको."

मी तारीख दिली. पण माझ्या मनात जे इतकी वर्षं खात होतं, ते त्या दिवशी तोंडातून गेलंच.

"हरकूबाई, एक विचारू? रागावू नका. तेव्हाच सगळं काढलं असतं, तर मधली ही वर्षं दुखलं नसतं तुम्हाला. मूल तर झालंच नाही. वाटतं का कधी, की तेव्हा सरांचं ऐकायला हवं होतं?"

ती उठून उभीच राहिली. मला वाटलं, आता काही फेकून मारते.

"पोर नाय झाला, तो माजा नशीब. नशिबाशी भांडून मी मोकली झाले. तुमी न विचारता कापला असता, तर तो नशीब नसता. तो तुमचा काम असता. मंग जल्मभर मी तुमच्याशी भांडत बसले असते, डाक्तरीन. नि तुमी तर मना परत दिसला पन नसता."

एवढी पुस्तकं वाचली, एवढी पोटं उघडली, हा फरक मला कुणी सांगितला नव्हता.

त्यानंतर माझ्या खोलीत बाईबरोबर कुणीही आलं, की मी त्याला आधी बाहेर बसवते. नवरे चिडतात, सासवा तर फारच चिडतात. चिडोत. आणि तुमच्या पोटाबद्दल एखादा डॉक्टर तुमच्या नवऱ्याशी बोलत उभा असेल, तर बायांनो, लाज सोडून मध्ये तोंड घाला. काय काढणार, काय ठेवणार, आणि काय माहीत नाही, हे तिन्ही विचारा. तिसऱ्याचं उत्तर जो देत नाही, त्याच्या टेबलावरून खाली उतरा.